माळरान आमच्या वाट्याला, खत कुणाच्या?

खतांच्या दुनियेत सध्या नवनव्या शोधांची मोठी चर्चा आहे. २०१५ मध्ये देशात तयार होणाऱ्या सर्व युरियाला निंबोळीचे आवरण देणे सक्तीचे झाले. २०२१ मध्ये बाटलीतला नॅनो युरिया आला, २०२३ मध्ये नॅनो डीएपी आला, त्याच वर्षी गंधकाचे आवरण असलेला 'युरिया गोल्ड' आला. 'कमी खतात जास्त पीक' ही घोषणा कृषी खात्याच्या प्रत्येक फलकावर दिसते. शास्त्रज्ञांच्या मेहनतीबद्दल आम्हाला आदरच आहे. बुद्धाचा धम्म स्वीकारलेला समाज विज्ञानाकडे पाठ फिरवू शकत नाही. परंतु या साऱ्या गदारोळात एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. हे खत कोणत्या मातीत पडणार आहे आणि ती माती कुणाच्या वाट्याला आली आहे?

महाराष्ट्रात नदीकाठची काळी कसदार जमीन कुणाकडे आहे आणि गावकुसाबाहेरचा मुरमाड माळ कुणाकडे आहे, हे सांगायला सर्वेक्षणाची गरज नाही. तरीही आकडे पाहू. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील एकूण वहितीधारकांत अनुसूचित जातींचा वाटा सुमारे १२ टक्के, तर जमिनीच्या क्षेत्रात तो ९ टक्क्यांच्याही खाली आहे. देशातील सरासरी वहिती १.०८ हेक्टर, तर अनुसूचित जातींची ०.७८ हेक्टर. हे झाले क्षेत्रफळ. जमिनीची प्रत या आकड्यांत दिसत नाही आणि खरा अन्याय तिथेच लपलेला आहे.

वाट्याला आलेली जमीन

आमच्या समाजाकडे जमीन आली ती चार वाटांनी. पहिली वतनाची. महारवतन म्हणजे रात्रंदिवस राबवून घेऊन वर तुटपुंजी जमीन देणारी गुलामीच होती. बाबासाहेबांनी या वतनाविरुद्ध अखेरपर्यंत लढा दिला. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने रद्द झाली. दुसरी वाट सिलिंगची. १९६१ च्या कायद्याने जादा ठरलेली जमीन भूमिहीनांना मिळायची होती. परंतु कोणती जमीन ठेवायची आणि कोणती सोडायची, याची निवड बहुतांशी जमीनदाराच्याच हाती होती. विहिरीजवळची जमीन त्याने ठेवली, दगडगोट्यांची सोडली. तिसरी वाट गायरानाची. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. लाखो माणसे तुरुंगात गेली. पुढे मराठवाड्यात ॲड. एकनाथ आवाड यांच्या मानवी हक्क अभियानाने हा लढा नेटाने चालविला. चौथी वाट सरकारी खरेदीची. २००४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेतून दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत जमीन देण्याची तरतूद झाली आणि २०१८ पासून ती शंभर टक्के अनुदानावर आली. पण शासनाने ठरविलेल्या दराच्या मर्यादेत कुणी आपली उत्तम जमीन विकायला काढील काय?

चारही वाटांनी आमच्याकडे आली ती मुख्यतः हलकी जमीन. ही माती पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नाही, की निसर्गाची लहर नाही. ती सामाजिक व्यवस्थेने आमच्या पदरात टाकली. कारण शोधल्याशिवाय दुःख जात नाही, हे तथागतांनी सांगितले. हलक्या मातीचे कारण भूगर्भशास्त्रात आहे, परंतु ती आमच्याच वाट्याला का, याचे कारण जातिव्यवस्थेत आहे.

हलकी जमीन खत कशी खाते

आता मातीचे शास्त्र थोडे समजून घेऊ, कारण त्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही. युरियात ४६ टक्के नत्र असते. त्यातले पिकाला साधारण ३० ते ४० टक्केच मिळते. स्फुरदाचे पहिल्या हंगामात १५ ते २० टक्के आणि जस्ताचे तर २ ते ५ टक्केच. बाकीचे कुठे जाते? ओल नसताना वर फेकलेला युरिया अमोनिया वायू होऊन हवेत उडतो, चुनखडीच्या जमिनीत तर जास्तच. मुरमाड जमिनीत एक जोरदार पाऊस झाला की उरलेले नत्र नायट्रेटच्या रूपाने मुळांच्या खाली निघून जाते. डीएपीतला स्फुरद चुनखडीच्या जमिनीत चुन्याशी आणि कोकणातल्या तांबड्या जांभ्या जमिनीत लोह व ॲल्युमिनियमशी बांधला जातो. तो जमिनीत असतो, पण मुळांना मिळत नाही. बँकेत पैसे आहेत, पण खाते गोठविलेले आहे, तसे हे झाले.

चांगल्या काळ्या जमिनीत चिकणमाती आणि सेंद्रिय कर्ब हे ओल आणि अन्नद्रव्ये धरून ठेवतात. माळावर मातीचा थर वीतभर, कर्ब नाममात्र. म्हणजे बागायतदाराने आणि माळावरच्या कास्तकाराने एकाच दुकानातून एकाच किमतीला युरियाची एकेक गोणी घेतली, तरी पिकाच्या तोंडात पडणारा घास सारखा नसतो. सरकार म्हणते, अनुदान सर्वांना समान. माती मात्र समान नाही. विषम परिस्थितीत समान वागणूक देणे म्हणजे विषमता कायम ठेवणे, हे आरक्षणाच्या प्रश्नात आम्ही अनेकदा सांगितले आहे. खताच्या प्रश्नातही तेच खरे आहे.

१९७७ पासून केंद्र सरकार खत कंपन्यांना नियमितपणे अनुदान देत आले आहे. २०१० मध्ये अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आले, परंतु युरिया त्यातून वगळला गेला. त्यामुळे युरिया स्वस्त आणि स्फुरद-पालाश महाग, अशी स्थिती झाली. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीची किंमत तीनशे रुपयांच्या आत राहिली, डीएपीची ५० किलोची गोणी तेराशे-साडेतेराशेवर गेली. गरीब माणूस काय करील? तो युरियाच टाकील. पीक हिरवेगार दिसते, पण दाणा भरत नाही. २०२२-२३ या एका वर्षात खत अनुदानाचा खर्च अडीच लाख कोटी रुपयांच्या घरात गेला. एवढ्या पैशातला किती हिस्सा माळावरच्या मातीत रुजला आणि किती वाहून गेला?

शोध खरे, पण कुणासाठी?

नव्या खतांकडे आम्ही आंधळ्या विरोधाने पाहत नाही. निंबोळीच्या आवरणामुळे युरियातले नत्र हळूहळू सुटते आणि कारखान्यांकडे वळविण्याचा चोरटा मार्गही अवघड होतो. हे चांगलेच आहे. परंतु नॅनो युरियाचा हिशेब जरा तपासून पाहावा. सुरुवातीला बाजारात आलेल्या ५०० मिलीलिटरच्या बाटलीत ४ टक्के नत्र होते, म्हणजे २० ग्रॅम. ४५ किलोच्या गोणीत ते २० किलोहून अधिक असते. पानांवर फवारल्यामुळे थोडे नत्रही पुरते, असा कंपनीचा युक्तिवाद आहे. पंजाब कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी दोन वर्षे भात आणि गव्हावर प्रयोग घेतले, तेव्हा नेहमीच्या युरियाची जागा नॅनो युरियाला दिल्यावर उत्पन्न घटल्याचे दिसले. पुढे नत्राचे प्रमाण वाढविलेला प्रकारही आला. शास्त्रात असा वाद होणे गैर नाही. गैर आहे ते हे, की वाद संपण्यापूर्वीच बाटली गोणीसोबत गळ्यात मारली जाते. युरिया हवा तर ही बाटलीही घ्या, अशी सक्ती होत असल्याच्या तक्रारी गावोगावी आहेत. पंपाचे भाडे आणि फवारणीची मजुरी धरली, तर कोरडवाहू कास्तकाराला ती बाटली स्वस्त पडत नाही.

याउलट गरीब मातीसाठी, गरीब माणसाला झेपेल असे संशोधन झालेच नाही, असे नाही. आपल्या कोकणातच डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भातशेतीची पद्धत दिली. भाताच्या तुसाची राख आणि पेंढा जमिनीला परत द्यायचा, बांधावरच्या गिरिपुष्पाचा पाला चिखलणीत गाडायचा, ठरावीक अंतरावर नियंत्रित लावणी करायची आणि युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एकेक गोळी चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. खत चिखलात खोल गेल्यामुळे ते उडत नाही, वाहत नाही. खत कमी लागते आणि भात जास्त पिकतो. यात कोणतीही जादू नाही. खत कुठे आणि केव्हा ठेवायचे, एवढाच विचार आहे. पण गोळ्या तयार करणारे यंत्र गावाजवळ हवे आणि ऐन लावणीच्या घाईत गोळ्या खोचायला हात हवेत. ते हात बहुतेक ठिकाणी मजूर बायाबापड्यांचे असतात. यंत्र बचत गटाला आणि जास्तीची मजुरी त्या बाईला, असा विचार झाला असता तर ही पद्धत घराघरात गेली असती.

आफ्रिकेतील नायजर, माली, बुर्किना फासो या देशांत 'इक्रिसॅट' या संस्थेने रेताड, निकस जमिनीत दुसरा मार्ग दाखविला. शेतभर खत फेकायचे नाही, तर बाजरी-ज्वारीच्या प्रत्येक खड्ड्यात बाटलीच्या झाकणाएवढे किंवा तीन बोटांच्या चिमटीएवढे खत टाकायचे. थोडक्या खतात पीक सुधारले. परंतु तिथल्या लोकांनी एक गोष्ट ओळखली होती. चिमूटभर खत घ्यायलाही पेरणीच्या वेळी हातात पैसा नसतो. म्हणून सुगीतले धान्य कोठारात तारण ठेवून कर्ज देण्याची व्यवस्था त्यासोबत उभी केली. शेजारच्या कर्नाटकात २००९ पासून 'भूचेतना' कार्यक्रमात मातीचे नमुने तपासून जस्त, बोरॉन, गंधक यांची कमतरता शोधली गेली आणि ती द्रव्ये निम्म्या किमतीत कोरडवाहू शेतकऱ्यांना दिली गेली. खताची कार्यक्षमता पोत्यावरच्या छापील मजकुरात नसते. ती मातीची तपासणी, ओल, पत आणि सल्ला यांच्या बेरजेतून येते.

आमचे काही मित्र म्हणतील, रासायनिक खताची भानगडच नको, शेण आणि गोमूत्र वापरा. सेंद्रिय कर्बाशिवाय माळ सुधारणार नाही, हे शंभर टक्के खरे आहे. परंतु शेणासाठी जनावर लागते, जनावराला चारा लागतो, चाऱ्याला जमीन आणि पाणी लागते. ज्याच्या दारात शेळीशिवाय दुसरे जनावर नाही, त्याला गाईचा महिमा सांगणे ही क्रूर थट्टा आहे. आणि गावच्या सोनखताचे, मेलेल्या जनावरांच्या हाडांचे घाणेरडे काम शतकानुशतके कुणाच्या माथी मारले गेले, हेही विसरता येणार नाही. हाडांत स्फुरद असतो. गावाची जमीन सुपीक ठेवण्याचे काम अस्पृश्यांनी केले, पीक मात्र दुसऱ्याच्या खळ्यात गेले. आता गिरिपुष्प, तुरीच्या काड्यांचे कंपोस्ट, धरणातला गाळ असे मार्ग आहेत. त्यांत कुणाची गुलामी नाही. ते आम्हाला हवे आहेत.

माती नापीक, तर पुरावाही नापीक

आता कायद्याच्या बाजूने पाहू. जमिनीची प्रकरणे चालविताना आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. गायरान कसणाऱ्याकडे सातबारा नसतो. त्याच्याकडे असतात त्या गाव नमुना १-ई मधल्या अतिक्रमणाच्या नोंदी, दंडाच्या पावत्या आणि पीकपाहणीतला एखादा उल्लेख. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीन मागासवर्गीयांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ५१ मध्येही अतिक्रमण नियमित करण्याची तरतूद आहे. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपालसिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करण्याचा आदेश दिला. हा आदेश दाखवून आमच्या लोकांना नोटिसा दिल्या जातात. परंतु त्याच निकालात शासकीय अधिसूचनेखाली भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना पट्टा दिलेला असल्यास अपवाद करता येईल, असे स्पष्ट म्हटले आहे. तो भाग नोटिशीत कुणी लिहीत नाही.

आता या साखळीचा विचार करा. माती निकस म्हणून पीक येत नाही. पीक आले नाही म्हणून जमीन पडीक दिसते. पडीक दिसते म्हणून पीक नोंद होत नाही. नोंद नाही म्हणून कसल्याचा पुरावा नाही. पुरावा नाही म्हणून जमीन नावावर होत नाही. नावावर नाही म्हणून पीककर्ज नाही, विमा नाही, २०१९ पासूनची प्रधानमंत्री किसान सन्मान निधीची रक्कम नाही. आणि पैसा नाही म्हणून माती निकसच राहते. ज्यांना जमीन रीतसर मिळाली, त्यांचीही सुटका नाही. ती भोगवटादार वर्ग २ ची, स्वतः कसण्याच्या अटीची जमीन असते. खर्चही निघत नाही म्हणून माणूस ऊसतोडीला गेला किंवा जमीन बटाईने दिली, की शर्तभंगाची टांगती तलवार. खताच्या प्रश्नाला आम्ही हक्काचा प्रश्न म्हणतो तो यामुळे. मातीतली नापिकी उद्या कागदावरची बेदखली होते.

२०१५ मध्ये मृद आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. बारा घटकांची तपासणी करून प्रत्येक शेतकऱ्याला त्याच्या मातीची पत्रिका देण्याचा तिचा हेतू उत्तम होता. परंतु सातबारा नसलेल्याला 'प्रत्येक शेतकरी' या शब्दांत जागा आहे काय? २०२५ पासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो जमिनीच्या नोंदीशी जोडलेला आहे. ज्याची नोंदच नाही, तो शेतकरीच नाही, असा याचा अर्थ होतो. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही २०१७ ची योजना मुरमाड जमिनीसाठी खरोखर उपयोगी आहे. पण सुरुवातीला गाळ फुकट आणि वाहतूक शेतकऱ्याच्या खर्चाने, अशी ती होती. मग गाळ गेला ट्रॅक्टरवाल्याच्या शेतात. २०२३ मध्ये लहान शेतकऱ्यांसाठी अनुदान आले, तिथेही कागद पुन्हा आडवा येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत विहीर, पंप, वीजजोडणी, सूक्ष्म सिंचन यांना मदत मिळते. पाणी हवेच. परंतु चाळणीसारख्या जमिनीत नुसते पाणी ओतून भागत नाही, तिला माती द्यावी लागते.

बाबासाहेबांनी काय मागितले होते?

१९१८ मध्येच बाबासाहेबांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा किफायतशीर आहे की नाही हे नुसत्या क्षेत्रफळावरून ठरत नाही, त्यावर लावलेले भांडवल, अवजारे आणि श्रम यांच्या प्रमाणावरून ठरते, असा त्यांचा विचार होता. १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये शेती हा राज्याचा उद्योग असावा, जातीचा भेद न करता ती गावकऱ्यांना सामुदायिकपणे कसायला द्यावी, अशी मागणी त्यांनी केली. त्याच मागणीत पाणी, जनावरे, अवजारे, बियाणे यांच्यासोबत खत पुरविण्याची जबाबदारीही त्यांनी राज्यावर टाकली होती. जमीन देऊन हात झटकणारे राज्य त्यांना मान्य नव्हते. दीघनिकायातील कूटदंत सुत्तातही हाच विचार आहे. राज्यात चोऱ्या-दरोडे वाढले तेव्हा राजाला सल्ला मिळाला तो दंडाचा नव्हे, तर कसणाऱ्यांना बी-बियाणे आणि चारा देण्याचा.

आमच्या मागण्या म्हणूनच याचनेच्या नाहीत. १-ई नोंद किंवा दंडाची पावती असलेल्या प्रत्येक गायरानधारकाच्या मातीची मोफत तपासणी झाली पाहिजे आणि तिचा अहवाल त्याच्या नावाने मिळाला पाहिजे. सबळीकरण योजनेतून जमीन देताना खरेदीपूर्वी माती तपासणी सक्तीची हवी. जमीन दिल्यावर बांधबंदिस्ती, गाळ आणि पहिल्या तीन वर्षांचे खत-बियाणे हा योजनेचाच भाग हवा. त्यासाठी अनुसूचित जाती उपयोजनेतला निधी दुसरीकडे वळविण्याऐवजी इथे खर्च करावा. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांनी नव्या खतांचे प्रयोग हलक्या, उथळ, कोरडवाहू जमिनींवरही घ्यावेत आणि त्यांचे निष्कर्ष मराठीत जाहीर करावेत. खताच्या छोट्या पिशव्या मिळाव्यात. दोन एकरवाल्याला जस्ताची दहा किलोची थैली हवी असते, दुकानदाराची दया नको.

आणि थोडे आमच्या बांधवांशी. सरकारने केले पाहिजे हे खरे, पण तोवर हातावर हात ठेवून बसणे ही बाबासाहेबांची शिकवण नाही. खत नियंत्रण आदेश १९८५ प्रमाणे दुकानात साठा आणि दराचा फलक लावणे आणि पावती देणे बंधनकारक आहे. पावती मागा. बाटली गळ्यात मारली, तर कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. गायरानातल्या मातीचा नमुना गट करून प्रयोगशाळेत नेऊन द्या. तो कागद उद्या तुमच्या कसण्याचा पुरावाही ठरू शकतो. एकट्याने माळ सुधारत नाही. दहा जणांनी मिळून बांध घातले, बांधावर गिरिपुष्प लावले, एकत्र गाळ आणला, तर दोन-चार पावसाळ्यांत फरक दिसू लागतो. बुद्धविहारात महिन्यातून एक बैठक मातीवर घ्यायला काय हरकत आहे?

ज्या जमिनीसाठी दादासाहेबांच्या हाकेवर लोक तुरुंगात गेले, ती जमीन केवळ नावावर असून उपयोग नाही. ती पिकली पाहिजे. पिकली नाही, तर पुढची पिढी ती विकून शहरातल्या झोपडपट्टीत जाईल आणि लढ्याची कमाई पुन्हा जुन्याच हातांत जाईल. खताच्या कार्यक्षमतेची मोजणी प्रयोगशाळेत होत राहो. आम्ही ती माळावरच्या कुटुंबाच्या ताटावर आणि त्याच्या सातबाऱ्यावर मोजणार आहोत.

जयभीम! जय भारत!